गाव का बोलत नाही? ‘रेस्ट्रेपो’ पाहताना संशोधकाने काय पाहावं

आमच्या विभागात अधूनमधून शनिवारी दुपारी एखादी डॉक्युमेंटरी दाखवतात. मागच्या महिन्यात ‘रेस्ट्रेपो’ दाखवली. त्यातला गाईचा प्रसंग आला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. मीही हसले. नंतर चहाच्या टपरीवर एक ज्युनिअर म्हणाला, “ताई, त्या गावकऱ्यांचा रागच येतो ना! सैनिक मरतायत, आणि हे लोक गाईचे पैसे मागतायत.” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण फिल्म पाहताना मलाही तसाच राग आला होता. हा राग कुणाचा, तो आपल्यात कसा आला आणि संशोधनात त्याचं काय करायचं, यावर आज लिहितेय. संघर्षग्रस्त भागावर सिनॉप्सिस लिहायचा विचार करत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

आधी फिल्मबद्दल थोडं

अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात कोरेंगल नावाची एक छोटी, खडी दरी आहे. अमेरिकेच्या १७३व्या एअरबोर्न ब्रिगेडची एक कंपनी २००७ ते २००८ असे सुमारे पंधरा महिने तिथे तैनात होती. पत्रकार सेबॅस्टियन युंगर आणि छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन त्या काळात पुन्हा पुन्हा जाऊन त्यांच्यासोबत राहिले आणि त्यातून २०१०मध्ये ‘रेस्ट्रेपो’ आली. नाव पडलं ते तिथे मारल्या गेलेल्या एका सैनिकावरून. तो त्या तुकडीचा मेडिक होता. सहकाऱ्यांनी डोंगराच्या सोंडेवर उभारलेल्या चौकीला त्याचं नाव दिलं, तेच फिल्मला मिळालं. सनडान्स महोत्सवात तिला डॉक्युमेंटरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि ऑस्करचं नामांकनही. हेदरिंग्टन पुढे एप्रिल २०११मध्ये लिबियातल्या मिसराता इथे काम करतानाच मारले गेले. म्हणजे सुरक्षित जागी बसून युद्धावर बोलणारी ही माणसं नव्हेत. त्यांच्या धैर्याबद्दल किंवा प्रामाणिकपणाबद्दल माझी तक्रार नाही.

फिल्ममध्ये निवेदक नाही. कुणी तज्ज्ञ येऊन समजावून सांगत नाही, राजकारणी तर नाहीतच. आहेत ते फक्त सैनिक. दरीत चित्रित केलेली दृश्यं, आणि तैनाती संपल्यावर इटलीतल्या तळावर घेतलेल्या मुलाखती. मुलाखतींत चेहरे अगदी जवळून दिसतात, मागे काळी पार्श्वभूमी. आम्ही सैनिकांच्या बाजूला राहून त्यांनी जे पाहिलं तेवढंच दाखवणार, असं दिग्दर्शकांनी ठरवलं होतं आणि ते त्यांनी लपवलेलंही नाही. पद्धत म्हणून हे चोख आहे. अडचण येते ती आपण, म्हणजे संशोधक, ही फिल्म ‘डेटा’ म्हणून वापरायला घेतो तेव्हा.

गाईचा प्रसंग

चौकीच्या काटेरी तारांत एक गाय अडकते. सैनिक तिला मारतात. काही दिवसांनी गावातले दोन-तीन म्हातारे चौकीवर येतात. गाईच्या मालकाला भरपाई हवी आहे, चारशे-पाचशे डॉलर. अधिकारी वरिष्ठांना विचारून सांगतात की रोख मिळणार नाही, गाईच्या वजनाइतका तांदूळ, कडधान्य, साखर देऊ. म्हातारे नाराज होऊन उठतात आणि डोंगर उतरून निघून जातात.

बस, एवढाच प्रसंग. पण तो कापलाय कसा ते बघा. आधी सैनिकांचं गाईबद्दलचं हसतखेळत बोलणं येतं आणि मग गंभीर चेहऱ्याचे म्हातारे. त्यामुळे आपलं हसू आधीच सुरू झालेलं असतं. आता हाच प्रसंग गावाकडून सांगून पाहा. ज्या घरात एक किंवा दोन गाई आहेत त्यातली एक गेली. दूध गेलं, पुढची वासरं गेली. तक्रार करायला शस्त्रधारी चौकीपर्यंत डोंगर चढून जायचं. गेलं नाही तर नुकसान, आणि गेलं तर “तिकडे कशाला गेला होतास?” हा प्रश्न रात्री कुणीतरी विचारणार. तरीही ते गेले. म्हणजे या लोकांचा तक्रार करून काही मिळतं यावर अजून थोडा विश्वास होता. माझ्या मते अख्ख्या फिल्ममध्ये गावानं चौकीवर टाकलेला हा सर्वांत मोठा विश्वास आहे, आणि आपण तिथे हसतो.

आपल्याकडे शेतकऱ्याचं जनावर गेलं तर घरात काय होतं हे खेड्यातून आलेल्या कुणालाही सांगायला नको. माझ्या आजोळी बैल मेला तेव्हा दोन दिवस चूल पेटली नव्हती. हे माहीत असून मी हसले, ही कॅमेऱ्याची ताकद. तो ज्याच्या खांद्यावर असतो, त्याचाच वैताग आपण उसना घेतो.

वैतागाच्या आत एक सिद्धांत असतो

कंपनीचा कॅप्टन दर आठवड्याला गावातल्या ज्येष्ठांची शुरा म्हणजे बैठक घेतो. तो सांगतो की रस्ता येईल, कामं येतील, तुमच्याकडे पैसा येईल, फक्त सरकारच्या बाजूने या आणि गोळ्या झाडणाऱ्यांना थारा देऊ नका. आधीच्या अधिकाऱ्याच्या काळात जे झालं ते मागे टाकू, नव्यानं सुरुवात करू, असंही म्हणतो. म्हातारे ऐकतात, दाढीवरून हात फिरवतात, आपल्या अडचणी मांडतात. नेमकं उत्तर मिळत नाही. आठवड्यामागून आठवडे जातात, गोळीबार थांबत नाही आणि कॅप्टनचा धीर सुटत जातो.

त्याचा वैताग खोटा नाही. ऑक्टोबर २००७मधल्या मोहिमेत त्यांचा एक अनुभवी सार्जंट मारला जातो. त्याचा मृतदेह पाहून एक सैनिक ज्या रीतीने कोसळतो, ते दृश्य विसरता येत नाही. गोळ्या कुठून येतात हे गावाला माहीत आहे आणि तरी गाव गप्प आहे, अशी खात्री असलेल्या माणसाला चीड येणारच. “सैनिक आहेत, त्यांना सहानुभूती नसतेच” असं म्हणून ही चीड झटकून टाकणं हा आळशीपणा आहे. समाजशास्त्राच्या वर्गात तो फार चालतो.

मात्र त्या चिडीत एक सिद्धांत लपलेला आहे. तो असा : प्रत्येक माणसाच्या मनात आधीच एक पसंती असते, सरकार किंवा तालिबान. त्या पसंतीनुसार तो मदत करतो. जो स्पष्ट बोलत नाही तो एक तर लबाड आहे किंवा आतून शत्रूचा आहे. ‘कुंपणावर बसलेले लोक’ हा शब्दप्रयोग अशा वेळी हमखास निघतो.

राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कलिवास यांनी २००६च्या ‘द लॉजिक ऑफ व्हायोलन्स इन सिव्हिल वॉर’ या पुस्तकात हीच साखळी उलटी केली. पसंतीमुळे सहकार्य मिळतं आणि सहकार्यामुळे ताबा, असं आपण समजतो. ते म्हणतात, बहुतेक वेळा आधी ताबा येतो आणि सहकार्य त्याच्या मागून. ज्याच्याकडे गावाचा पक्का ताबा असतो, त्याला गाव मदत करतं, कारण मदत न करणं महागात पडतं आणि मदत केली तर संरक्षण मिळतं. मनात काय आहे हा प्रश्न उरतोच, पण बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावरून तो सुटत नाही.

यासाठी ते प्रदेशाचे पाच पट्टे पाडतात. पहिल्यात सरकारचा पूर्ण ताबा, पाचव्यात बंडखोरांचा. दुसऱ्यात सरकारचं पारडं जड पण ताबा अपुरा, चौथ्यात तसंच बंडखोरांचं. तिसऱ्यात दोघं तुल्यबळ. आता गंमत पाहा. माणसं निवडून, चहाडीच्या आधारावर होणारी हिंसा सर्वांत जास्त कुठे होईल? आपण पटकन म्हणू, तिसऱ्यात. कलिवास म्हणतात, नाही, दुसऱ्या आणि चौथ्यात. कारण अशी हिंसा करायला आतली माहिती लागते आणि ती गावकरीच देतो. तिसऱ्या पट्ट्यात माहिती देणाऱ्याला दुसरी बाजू त्याच रात्री गाठू शकते, म्हणून कुणीच तोंड उघडत नाही. ग्रीसमधल्या आर्गोलिड भागात १९४३-४४ या काळात गावोगाव झालेल्या हत्यांची नोंद जमवून त्यांनी हे तपासलं आहे.

हे घेऊन पुन्हा कोरेंगलमध्ये जा. (कलिवास यांनी या दरीवर लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे.) दिवसा गस्त गावात जाते, संध्याकाळी चौकीवर परत येते. रात्र दुसऱ्याची. अशा ठिकाणी “इथलं कुणी आम्हाला काही सांगत नाही” हे वाक्य म्हणजे गावाच्या स्वभावाचं वर्णन नव्हेच. ते सैनिकाच्या स्वतःच्या ताब्याचं मोजमाप आहे. तापमापीत ताप दिसला म्हणून आपण तापमापीवर चिडत नाही. कॅप्टन मात्र दर आठवड्याला तेच करतो, आणि प्रेक्षक त्याच्यासोबत चिडतो.

आणखी एक गोष्ट. “आधीच्या अधिकाऱ्याचं विसरा” असं सांगताना कॅप्टन नकळत कबूल करतो की आपण एका रांगेतले एक आहोत. ज्येष्ठांनी आधीचाही पाहिला, पुढचाही पाहणार. त्यांचा खरा प्रश्न असा : तुम्ही गेल्यावर आमचं काय? फिल्ममध्ये त्याला उत्तर नाही. इतिहासानं दिलं. चाळीसहून अधिक सैनिक गमावल्यावर अमेरिकी फौजांनी एप्रिल २०१०मध्ये ही दरी सोडली. उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्या त्या म्हाताऱ्यांचा अंदाज सगळ्यांत अचूक ठरला.

पण कलिवासवरही थांबू नका

इथे बरेच विद्यार्थी एक चूक करतात. चांगली थिअरी सापडली की तिच्यात सगळं कोंबतात. कलिवास यांचं म्हणणं शब्दशः घेतलं तर गावकरी म्हणजे फक्त हिशेब करणारा भित्रा माणूस उरतो. सैनिक त्याला लबाड म्हणतो, आपण ‘विवेकी’ म्हणतो. दोघांनीही त्याला विचारलेलं नसतंच.

कोरेंगलच्या लोकांची स्वतःची भाषा आहे, आजूबाजूच्या पश्तूनांपेक्षा वेगळी. दरीचा पैसा होता देवदाराच्या लाकडात. लाकूडतोडीवर आणि व्यापारावर सरकारी बंधनं आली तेव्हा पोटावर पाय आला. अमेरिकनांची मुख्य चौकी तर पूर्वीच्या लाकडाच्या वखारीच्या जागेवर उभी राहिली होती. म्हणजे काही लोकांसाठी ‘सरकारच्या बाजूने या’ याचा अर्थ ‘आमचा धंदा बंद पाडणाऱ्यांच्या बाजूने या’ असा होता. डोंगरात बंदूक घेऊन बसलेल्यांत काही बाहेरचे होते, तसे काही याच गावांतलेही. तेव्हा ‘दोन बाजूंच्या मध्ये सापडलेले नागरिक’ हे आपलं आवडतं वर्णनसुद्धा तपासून घ्यायला हवं. कोण मध्ये होतं, कोण एका बाजूला होतं आणि कोण दिवसा मध्ये व रात्री बाजूला, हे घराघरांत वेगळं असणार.

दुसरा पुरावा सर्वेक्षणातून येतो. जेसन लायल, ग्रॅहम ब्लेअर आणि कोसुके इमाई यांनी पाच पश्तूनबहुल प्रांतांतल्या २०४ गावांत २,७५४ जणांची पाहणी केली. कुनार त्यातला एक प्रांत. निबंध २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची युक्ती शिकण्यासारखी आहे. “तुम्ही तालिबानला पाठिंबा देता का?” असं विचारलं तर खरं उत्तर कोण देईल? म्हणून त्यांनी तुरुंग सुधारणेसारखं एखादं धोरण सांगून मत विचारलं. काहींना फक्त धोरण सांगितलं, काहींना परदेशी फौजांचा त्याला पाठिंबा आहे असं सांगितलं, तर काहींना तालिबानचा. गटांच्या उत्तरांतला फरक म्हणजे त्या बाजूबद्दलची भावना. एकट्या माणसाचं मत उघड होत नाही, म्हणून त्याला धोकाही कमी.

निष्कर्ष असा निघाला की परदेशी फौजांकडून नुकसान झालं की त्यांचा पाठिंबा घटतो आणि तालिबानचा वाढतो. तालिबानकडून तसंच नुकसान झालं तरी परदेशी फौजांचा पाठिंबा वाढत नाही. म्हणजे फक्त ताबा आणि भीतीचा हिशेब पुरत नाही. ‘आपला’ आणि ‘परका’ यांच्या चुकांना लोक एकच माप लावत नाहीत. आता फिल्ममधली ती मोहीम आठवा. हवाई हल्ल्यानंतर कॅप्टन एका घरात पोहोचतो आणि तिथे जखमी मुलं दिसतात. त्यालाही धक्का बसलेला दिसतो. सैनिकांचं दुःख आपल्याला पुढच्या मुलाखतींत पुन्हा भेटतं. त्या घरातली माणसं मात्र पुन्हा भेटत नाहीत. गाव का बोलत नाही, याचं अर्धं उत्तर तिथे होतं, पण कॅमेरा पुढे निघून गेला. २०१४मध्ये युंगर यांनी उरलेल्या चित्रीकरणातून ‘कोरेंगल’ नावाची दुसरी फिल्म केली. तीही सैनिकांचीच.

या सर्वेक्षणालाही मर्यादा आहे : उत्तरं देणारे सगळे पुरुष होते. फिल्ममध्ये शुरेत पुरुष, चौकीवर पुरुष. दरीतल्या बाईला काय वाटत होतं हे ना कॅमेऱ्याला कळलं, ना प्रश्नावलीला. पीएचडीचा विषय शोधत असाल, तर जागा रिकामी आहे.

हे आपल्याला का लागू पडतं

अफगाणिस्तान लांब आहे, पण गडचिरोली लांब नाही. तिथे चार दशकांत पोलिसांचा खबऱ्या ठरवून माओवाद्यांनी मारलेल्या गावकऱ्यांच्या बातम्या आपण वाचत आलो, आणि दुसऱ्या बाजूनं नक्षल समर्थक म्हणून संशय घेतला गेलेल्यांच्याही. सरकारनं तिथे गावबंदी योजना आणली. ज्या गावानं नक्षलवाद्यांना गावबंदीचा ठराव केला त्या गावाला विकासासाठी अनुदान. संशोधक ठरावांची यादी घेतो आणि लिहितो, ‘इतक्या गावांनी नक्षलवाद नाकारला’. झालं? तो ठराव पसंतीमुळे झाला, ताब्यामुळे झाला, की अनुदानासाठी? तारखा लावून बघा : चौकी आधी आली की ठराव? एवढा एक प्रश्न विचारला तरी तुमचं प्रकरण बदलून जाईल.

आता माझी गोष्ट. पहिल्या पायलट मुलाखतींसाठी मी पूर्व विदर्भातल्या एका गावात गेले होते. तीन दिवस, अकरा मुलाखती. कुणी काही बोलेना. “सगळं बरं आहे ताई”, “आम्हाला काय माहीत”, “चहा घ्या”. रात्री वहीत मी लिहिलं, ‘प्रतिसादक सहकार्य करत नाहीत.’ गाइडनी वही वाचली, त्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘तू कधी परत गेलीस?’ मला वाटलं, तारीख विचारतायत. तारीख लिहून दिली. अर्थ कळला तो परवा, ‘रेस्ट्रेपो’ पाहताना. कॅप्टन बोलत होता आणि मला माझंच वाक्य ऐकू येत होतं. तो पंधरा महिने राहिला, मी तीन दिवस. त्याच्याकडे बंदूक होती, माझ्याकडे रेकॉर्डर. पण दोघांचीही अपेक्षा एकच होती : आम्ही आलोय, आता बोला. बोलल्याची किंमत मात्र त्यांनीच मोजायची.

तेव्हापासून मी वहीत ‘सहकार्य नाही’ असं लिहीत नाही. त्याऐवजी प्रत्येक मुलाखतीखाली तीन ओळी लिहिते. मला इथे येताना कुणी पाहिलं? या उत्तराची किंमत या माणसाला कुणाकडून मोजावी लागू शकते? मी गेल्यावर इथे कोण राहणार आहे? तिन्हींची उत्तरं लिहिली की गप्प बसलेल्या माणसाची मुलाखतही डेटा होते.

त्या ज्युनिअरला काल हेच सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे सैनिकाचं चुकलं?” मी म्हटलं, त्याला चीड आली यात काही चुकलं नाही. त्याच्या चिडीत माहिती होती, फक्त ती गावाबद्दलची आहे असं त्यानं धरलं. ‘रेस्ट्रेपो’ जरूर पाहा. एकदा सरळ पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त म्हाताऱ्यांचे चेहरे पाहा, विशेषतः ते उठून डोंगर उतरायला लागतात तेव्हाचे. आणि मग आपल्या सिनॉप्सिसमधलं ‘स्थानिकांची उदासीनता’ हे उपशीर्षक पुन्हा एकदा वाचा.